गोधडीआडचा बाप

दहाव्याला नदीवर न्हाव्याने डोक्यावरून वस्तरा फिरवला तेव्हा ज्ञानेश्वरला काही वाटलं नाही. केस काय, येतात पुन्हा. पण वस्तरा ओठाशी आला तसा त्याने न्हाव्याचा हात धरला.

"हिला ऱ्हाऊ दे की."

"का? मिशीला वेगळा कायदा हाय काय?" न्हावी म्हणाला. "बाप एकदाच मरतो. तोंड वर कर."

मागे बसलेल्या जाणत्यांपैकी कुणीतरी मुद्दाम खाकरलं. ज्ञानेश्वरने तोंड वर केलं. मिसरूड फुटल्यापासून जोपासलेली, टोकांना किंचित वर वळलेली, जिच्यामुळे कंपनीत आणि गावातही त्याला सगळे 'फौजदार' म्हणायचे ती मिशी दोन फटकाऱ्यांत भातसेच्या पाण्यात गेली. मग पिंड ठेवले. कावळा लगेच शिवला. बाळाराम म्हाताऱ्याची कसलीच इच्छा मागे राहिली नव्हती, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं आणि माणसं आपापल्या वाटेने पांगली.

ज्ञानेश्वर घरी आला तेव्हा ऊन चढलं होतं. जानेवारीचं कोवळं ऊन. त्याची बायको मनाली ओट्यावर उभी होती आणि तिच्या कडेवर भूमिका. भूमिका आठ महिन्यांची. रोज सकाळी बाप रात्रपाळीहून आला की ही पोर आईच्या कडेवरून दोन्ही हात पुढे टाकून अशी झेपावायची की मनालीला खांब धरावा लागे. आज ज्ञानेश्वरने अंगणातूनच हात पसरले.

भूमिकाने त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, थरथरला, आणि तिने असा टाहो फोडला की शेजारच्या धोंडूबाई हातातलं सूप तसंच घेऊन धावत आल्या.

"काय चावलं गो पोरीला?"

"काय नाय," मनाली म्हणाली. पोर तिच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. "तिच्या बाबांना बघून रडली."

हसण्यासारखी गोष्ट होती आणि त्या दिवशी सगळे हसलेही. पण संध्याकाळीही तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, दुपारी तेच. तेव्हा मात्र घरातलं हसू हळूहळू आटलं, कारण येत्या सोमवारची गोष्ट प्रत्येकाच्या मनात होती.

सोमवारी मनालीला कामावर जायचं होतं. शहापूरच्या एका पतपेढीत ती कारकून होती. बाळंतपणाची रजा कधीच संपली होती, वर मागून घेतलेली बिनपगारी रजाही संपत आली होती, आणि सासरा गेल्याचं कळवल्यावर व्यवस्थापकांनी दुःख व्यक्त करून पुढच्याच वाक्यात सोमवार सांगितला होता. तिच्या खुर्चीवर सध्या बसणारी मुलगी हुशार होती, हेही त्यांनी सांगितलं. बारावीनंतर टायपिंग, मग संगणकाचा कोर्स करून मनाली तिथे लागली होती. तिला ती खुर्ची सोडायची नव्हती. ज्ञानेश्वरलाही तिने ती सोडावी असं वाटत नव्हतं.

म्हणून दोघांनी मिळून एक घडी बसवली होती. ज्ञानेश्वर आसनगावजवळच्या एका कारखान्यात होता. त्याने कायमची रात्रपाळी मागून घेतली. रात्रपाळी कुणी मागत नाही, त्यामुळे ती लगेच मिळाली. सकाळी तो घरी आला की मनाली निघायची, दिवसभर पोर त्याच्याकडे, पोर झोपली की त्यानेही डोळा लावायचा, आणि मनाली परत आली की कारखान्याची वेळ होईपर्यंत उरलेली झोप. त्याची आई सोनूबाई घरात होती, पण तिची उजवी बाजू वाऱ्याने गेलेली. ती पोरीवर नजर ठेवू शकत होती, तिला उचलू शकत नव्हती.

गेले दोन महिने ज्ञानेश्वरने याची तालीम केली होती. नाचणीचं सत्त्व तो असं शिजवायचा की त्यात गाठ म्हणून सापडू नये. पहिल्यांदा पोर तोंड उघडेना, तेव्हा त्याने सवयीने जिभेने टाळ्यावर टक्‌ टक्‌ केलं होतं, लहानपणी नांगरावर बैल चालवताना करायचा तसं. पोरीने आश्चर्याने तोंड उघडलं आणि चमचा आत गेला. तेव्हापासून प्रत्येक घासाला टक्‌ टक्‌.

"बैल हाकताय की पोरीला भरवताय?" मनाली म्हणायची.

"चालतेय ना गाडी? मग?"

जेवताना पोरीचा एक हात त्याच्या उजव्या अंगठ्यावर असायचा. त्या अंगठ्याचं नख मशिनखाली सापडून वाकडं, काळंनिळं झालं होतं. भूमिकाला साऱ्या जगात ते नख सगळ्यात जास्त आवडे. खाताना ती ते बोटाने चोळत बसायची. झोपताना पण.

आणि आता ती त्याला जवळही येऊ देत नव्हती.

या घरात दुसराही पर्याय होता आणि तो ओट्यावर पाय पसरून बसला होता. मनालीची आई सकुबाई. दहाव्याला मुरबाडहून आली ती पोरीची तऱ्हा बघून राहिलीच. अंगाने भक्कम, बोलायला मोकळी, आणि नातवंडं वाढवण्यात मुरलेली.

"त्यात काय एवढं?" ती मनालीला म्हणाली. "मी नेते तिला मुरबाडला. तुझं बाळंतपण तिथंच झालं, पहिले महिने ती माझ्याच मांडीवर होती. दोन वर्षांची झाली की आणून सोडते. तवर दर रविवारी या दोघं बघायला."

 ज्ञानेश्वर दाराआड उभा राहून ऐकत होता. हल्ली तो दाराआडच असायचा. दोन वर्षं, त्याने मनात म्हटलं. म्हणजे ती पहिल्यांदा उभी राहील ती मुरबाडच्या भिंतीला धरून. पहिलं पाऊल तिथल्या अंगणात. आणि पहिला शब्द जो काय असेल तो सकुबाईच्या कानावर पडेल, नि आपल्याला रविवारी कळेल.

"मामी," तो दाराआडूनच म्हणाला, "सोमवारपर्यंत थांबा. येईल ती माझ्याकडं."

"मी कुठं पळतेय, जावई? पण तुमी आधी दाराबाहेर तरी या."

तो बाहेर आला. भूमिकाने बघितलं आणि सुरू झाली. तो पुन्हा आत गेला.

धोंडूबाईंचं निदान तयार होतं. "लहान पोरांना दिसतं ते आपल्याला नाय दिसत," त्या आवाज उतरवून म्हणाल्या. "बाळाराम हाय त्याच्या मागं. नातीला बघायला आलाय."

सकुबाईने तो विषय तिथेच तोडला. पण कोपऱ्यात बसलेल्या सोनूबाईने ते ऐकलं होतं. संध्याकाळी मनाली दिवा लावायला आली तेव्हा तिने हळूच विचारलं, "खरंच दिसतात का गो तिला ते?"

मनालीने दिव्याची वात सारखी केली. सोनूबाईची अडचण निराळी होती. बाळाराम म्हाताऱ्याने मिशी कधी ठेवली नव्हती आणि त्याचं डोकं चाळिशीतच उघडं पडलं होतं. तुळतुळीत झालेला ज्ञानेश्वर हुबेहूब बापासारखा दिसत होता, आणि तो समोर आला की सोनूबाई मान फिरवायची. घरातल्या एकीला त्याचं तोंड ओळखीचं वाटत नव्हतं आणि दुसरीला ते नको इतकं ओळखीचं वाटत होतं. मधे तो बिचारा ताट घेऊन कुठे बसावं याचा विचार करत उभा असायचा.

त्याने माकडटोपी घालून बघितली. थंडीचे दिवस होते, कुणी नाव ठेवलं नाही. टकलाची भानगड मिटेल असा त्याचा हिशेब. पण माकडटोपीत त्याचं तोंड दिसत होतं तेवढंही दिसेनासं झालं, नि पोर आणखी मोठ्याने रडली. डोक्याला उपरणं गुंडाळलं, तेही चाललं नाही. ती झोपेत असताना कुशीत घेऊन बसला, तर जागी झाल्यावर तिने डोळे उघडले, वर पाहिलं, आणि सगळी आळी जागी केली.

तेराव्याला, शुक्रवारी, पाहुणे जेवून गेल्यावर त्याने शेवटचं हुकमी पान काढलं. आवाज तर तोच होता ना? मनालीने पोरीला चटईवर बसवलं आणि तो तिच्यासमोर, जरा लांब, उकिडवा बसला. ती रडायला तोंड उघडणार तोच त्याने रोजच्या सुरात हाक मारली, "भूमीऽऽ, बाय माझी गो," आणि टक्‌ टक्‌ केलं.

रडणं थांबलं. पोरीचे डोळे मोठे झाले. 

भूमिकाने मान उंच केली. बापाच्या तोंडावरून तिची नजर सरकली, त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि उघड्या दारावर थांबली. तो पुन्हा टक्‌ टक्‌ करी, की ती दाराकडे आणखी वाकून बघे. ज्ञानेश्वरला कळायला थोडा वेळ लागला. त्याच्या खांद्यावरून ती त्यालाच शोधत होती.

मग दारातून कुणी आलं नाही, आणि समोर हा बुवा बसलेलाच होता, म्हणून ती रडली. या वेळी ओरडून नाही. मुसमुसत, दमल्यासारखी.

रात्री कामावर निघताना ज्ञानेश्वर मनालीला म्हणाला, "उद्या डॉक्टरकडं नेऊ तिला."

"कशासाठी? ताप नाय, काय नाय."

"मग मला ने."

शहापुरातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाई मध्यमवयीन, मोठ्या चष्म्याच्या होत्या. त्यांनी भूमिकाला तपासलं, तिच्यासमोर खुळखुळा धरला, तो रुमालाखाली लपवला. भूमिकाने रुमाल ओढून फेकला आणि खुळखुळा घेतला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मग त्यांनी ज्ञानेश्वरला दाराबाहेरून आत बोलावलं, भूमिकाने करायचं ते केलं, आणि त्यांनी त्याला पुन्हा बाहेर घालवून दार अर्धं उघडं ठेवलं. पुढचं सगळं तो त्या फटीतून बोलला.

"आधी मिशी होती? आणि केस?"

"भरपूर, बाई."

"मग बरोबर आहे. या वयात मुलं आपल्यासारखं नाकडोळ्यांवरून माणूस ओळखत नाहीत. डोळ्यांत भरतं ते ठळक काय ते. केस कुठे संपतात, कपाळ कुठे सुरू होतं, ती कड. तुमच्या बाबतीत ती कड गेली आणि मिशीही गेली."

"म्हणजे न्हाव्याने बापच पुसला."

"तिच्यापुरता, हो." डॉक्टरीणबाई हसल्या. "पण एक ऐका. तिचं डोकं बिघडलं म्हणून ती रडत नाही, नीट चालतंय म्हणून रडते. आवाज बापाचा आणि तोंड परक्याचं. उद्या तुमच्या बायकोच्या आवाजात कुणी भलतीच बाई घरात येऊन बोलायला लागली, तर तुम्ही काय कराल?"

"पळून जाईन," ज्ञानेश्वर फटीतून म्हणाला.

"तिला अजून रांगता येत नाही धड. म्हणून ती रडते."

मनालीला हसू आलं. मग तिने काल दाराकडे बघण्याचा प्रकार सांगितला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

"काही महिन्यांपूर्वी हे दाराआड गेले की तिच्यापुरते संपत असतील. आता तसं नाही. तो खुळखुळा बघितलात ना? न दिसणारी वस्तू पण कुठेतरी असते, हे तिला कळायला लागलंय. माणसाचंही तेच. बाप दिसत नाही, पण आहे कुठेतरी, येईल, हे तिला कळतंय. ती वाट बघतेय तुमची."



"उपाय काय, बाई?"

"घाई करायची नाही. तोंड पुढे न्यायचं नाही. तिला तुमच्याकडे येऊ द्या, तुम्ही तिच्याकडे जाऊ नका. महिन्याभरात होईल सगळं."

"माझ्याकडं महिना नाय ओ. माझ्याकडं सोमवार हाय."

घरी येऊन त्याने हे लडकूला सांगितलं. तीच चूक झाली. लडकू त्याचा चुलतभाऊ, गावच्या नाटकमंडळींत खलनायकाची कामं करणारा. घाई करू नका वगैरे त्याने ऐकलंच नाही. त्याने एवढंच ऐकलं की कड गेली आणि मिशी गेली.

"एवढंच ना?" तो म्हणाला आणि संध्याकाळी मंडळाच्या पेटीतून केसांचा टोप आणि मिशी घेऊन हजर झाला. मागच्या दाराने, कारण कालच तेरावा झालेल्या घरात नाटकाचं सामान येतंय हे धोंडूबाईंनी पाहिलं असतं तर रात्रीची जेवणं उरकायच्या आत गावभर झालं असतं. डिंकाने मिशी चिकटवली, टोप चढवला. ज्ञानेश्वरने आरशात बघितलं. फौजदार काही दिसत नव्हता. फौजदार ज्याला पकडतो तो दिसत होता. पण केस होते, मिशी होती.

तो ओट्यावर आला. भूमिका सकुबाईच्या मांडीवर. तिने पाहिलं. रडली नाही. कपाळाला आठी घालून, मान एका बाजूला करून ती बघत राहिली. ज्ञानेश्वर एकेक पाऊल पुढे आला. ती बघतच होती. तो वाकला. तिने हात पुढे केला. मनालीने पदर तोंडाशी धरला. तो इवलासा हात मिशीला लागला, मिशीवरून फिरला, मिशी मुठीत धरली गेली, आणि पोरीने ओढली.

मिशी हातात आली.

भूमिकाने मुठीतल्या मिशीकडे पाहिलं, मग ती जिथून निघाली त्या जागेकडे पाहिलं, आणि आजवरचं सगळं रडणं फिकं पडेल असं रडली. ज्ञानेश्वर दचकून मागे झाला, तसा टोपही घरंगळून तिच्या पुढ्यात पडला. लडकू टोप उचलायला धावला आणि उंबऱ्याला अडखळून आडवा झाला.

आधी सकुबाई हसली. तिला आवरेना. डोळ्यांतून पाणी येईतो, पोट धरून, रडणाऱ्या पोरीला थोपटत ती हसत होती. मग मनाली. आणि मग कोपऱ्यातून एक बारीक, चिरका आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. सोनूबाई डाव्या हाताने तोंड झाकून हसत होती. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. ज्ञानेश्वर ओठाला अर्धा डिंक चिकटलेला तसाच तिच्याकडे बघत राहिला.

हसणं ओसरल्यावर सकुबाईने डोळे पुसले. "जावई," ती मऊ आवाजात म्हणाली, "आता पुरं. तुमी केलंत तेवढं कुणी बापय माणूस करणार नाय. पण पोरीचे हाल नका करू. उद्या दुपारच्या एसटीने नेते मी तिला."

ज्ञानेश्वरने मनालीकडे पाहिलं. मनाली खाली बघत होती. तो ओठावरचा डिंक खरवडायला लागला, म्हणजे ठरलं.

रविवारी सकाळपासून घरात धुणं निघालं. सुतक संपलं, पाहुणे गेले, आता म्हाताऱ्याच्या अंथरुणापासून पाहुण्यांनी अंगावर घेतलेल्या पांघरुणापर्यंत घरातली प्रत्येक गोधडी ओढ्यावर नेऊन धुवायची होती. ज्ञानेश्वर आणि लडकूने त्या आपटून, पिळून आणल्या आणि अंगणात दोऱ्या बांधून वाळत टाकल्या. जुन्या लुगड्यांच्या, शर्टांच्या, एकीच्या पाठीला बाळारामच्या धोतराचं अस्तर. अंगणाला जिकडेतिकडे भिंती उभ्या राहिल्या.

सकुबाईची पिशवी भरून ओट्यावर ठेवली होती. पोरीची झबली, लंगोट, खुळखुळा, सत्त्वाचा डबा.

"निघायच्या आधी चार घास जाऊ द्या तिच्या पोटात," सकुबाई म्हणाली. "आणि जावई, तुमी जरा नजरेआड व्हा. तुमी दिसलात तर ती खायची नाय."

ज्ञानेश्वर उठला आणि गोधड्यांच्या पलीकडे जाऊन जमिनीवर बसला. पलीकडे चटई पसरल्याचं, पोरीला बसवल्याचं त्याला ऐकू येत होतं. मग वाटीवर चमचा वाजला.

"आ कर. आऽऽ कर गो बाय. असं काय करतंय?"

चमचा पुन्हा वाजला. पोर तोंड उघडत नव्हती. तिचं ते नाकातून काढलेलं 'ऊंऽऽ' त्याला ओळखू आलं. तोंड घट्ट मिटून, मान फिरवून. पुन्हा चमचा. ज्ञानेश्वरच्या मनात खरंच काही नव्हतं. चमच्याचा आवाज झाला आणि दोन महिन्यांच्या सवयीने त्याची जीभ टाळ्याला लागली.

टक्‌ टक्‌.

पलीकडचं 'ऊंऽऽ' थांबलं.

"आता कुठं चाललीस?" सकुबाईचा आवाज आला. "अगो, कुठं चाललीस?"

त्याला गोधडीखालून चटईची कड दिसत होती, आणि तिच्यावर टेकलेला एक तळहात. मग दुसरा. पोर पोट घासत, सरपटत येत होती. त्याने पुन्हा टक्‌ टक्‌ केलं. गोधडीला पलीकडून एक धक्का बसला. ओल्या कापडावर डोक्याएवढा फुगवटा आला, गेला, पुन्हा आला.

तोंड पुढे न्यायचं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्याने तोंड नेलं नाही. गोधडीखालून फक्त हात सरकवला, उजवा, तळवा वर करून, आणि मातीवर ठेवला.

बराच वेळ काही नाही. मग त्याच्या अंगठ्याला काहीतरी ओलसर, गरम लागलं. वाकड्या नखावरून एक बोट फिरलं. पुन्हा फिरलं. मग पूर्ण मूठ त्या अंगठ्याभोवती बसली आणि पलीकडून असा एक समाधानाचा सुस्कारा आला की सकुबाईने चमचा वाटीत ठेवून दिला.

"मामी," तो अगदी हळू म्हणाला, "वाटी सरकवा इकडं."

वाटी गोधडीखालून आली. डाव्या हाताने त्याने चमचा भरला, गोधडीखालून अंदाजाने पलीकडे नेला आणि टक्‌ टक्‌ केलं. पहिला घास गालावर गेला असावा. दुसरा तोंडात गेला. त्याच्या ध्यानात आलं की पोरीचं त्याच्याशी काही भांडण नाही. तोंड तेवढं बाजूला ठेवलं, तर बाकी सगळा बाप तिला मान्य आहे.

मनाली ओट्यावर येऊन उभी राहिली होती. सोनूबाई डाव्या हाताने खांब धरून दारात आली होती.  निम्मी वाटी संपली तेव्हा भूमिकाने गोधडीची किनार धरली आणि वर ओढली.

ज्ञानेश्वरचा हात आपोआप खांद्यावरच्या उपरण्याकडे गेला, डोकं झाकायला. तो तिथेच थांबवला त्याने. मान खाली घातली, जमिनीकडे बघत राहिला आणि नुसतं जिभेने टक्‌ टक्‌ करत राहिला, नांगर सरीच्या मधेच थांबू नये अशा बेताने.

गोधडी पडली. पुन्हा वर गेली. पुन्हा पडली. आत बघायचं, मग झाकायचं, मग ऐकायचं, मग पुन्हा बघायचं, असं तिचं तीच करत होती. गोधडी खाली असली की बाप असायचा. वर केली की हा माणूस. खाली, बाप. वर, हा. मधल्या वेळात अंगठा तिच्या मुठीतच होता.

शेवटी ती गोधडीखालून अख्खीच अलीकडे आली. त्याच्या मांडीला धरून उभं राहायचा प्रयत्न केला, घसरली, पुन्हा धरलं. तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं. त्याने श्वाससुद्धा बेताने घेतला. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. टक्‌, तो म्हणाला. तिने चार बोटं थेट त्याच्या तोंडात घातली. आवाज कुठून येतो हे तिला बघायचं होतं. जिभेला हात लावला, दात चाचपले. त्याने बोटं तोंडात असतानाच पुन्हा टक्‌ केलं. आवाज तिथेच होता, आणि इथे हा अंगठा होता, आणि दोन्ही एकाच माणसाला जोडलेले होते.

तिने बोटं काढून घेतली. त्याच्या खुंट वाढलेल्या टकलाकडे पाहिलं. मग सत्त्वाने माखलेला हात उचलून त्यावर चापट मारली. आवाज चांगला आला. आणखी एक मारली, आणि चार नवे दात दाखवत हसली.

"बुवा कुक्‌," ज्ञानेश्वर म्हणाला. 

सकुबाई उठली. पदराने नाक पुसलं, ओट्यावरच्या पिशवीतून झबली काढून मनालीच्या हातात दिली, मग लंगोट, मग खुळखुळा. सत्त्वाचा डबा काढताना म्हणाली, "पिशवी हलकी झाली, बरं झालं. मुरबाडला विचारलं तर सांगते, आमचे जावई गोधडीमागं बसून टकलावर नाचणी थापून घेतात."

"सांगा, मामी. काय पण सांगा."

"पण रविवारी तुमी यायचं बरं का, तिला घेऊन. मीच काय दर वेळी यायची?"

सोमवारी मनाली निघाली तेव्हा भूमिका रडली. आई कोपऱ्यावर वळेपर्यंत रडली. मग ज्ञानेश्वरने टक्‌ टक्‌ केलं. तिने दाराकडे पाहिलं. क्षणभर थांबली. मग मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि अंगठा मागितला.

सोनूबाईनेही त्या दिवशी त्याला समोर बसवून जेवायला लावलं, आणि तो जेवत असताना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मधेच म्हणाली, "त्यांना पण नाचणी आवडायची."

होळीपर्यंत केस परत आले. ते रोज थोडे थोडे आले, त्यामुळे पोरीला त्यात वावगं काही दिसलं नाही. एका रविवारी, मुरबाडला निघण्याआधी, ज्ञानेश्वर तिला मांडीवर घेऊन शहापूरच्या बाजारात दाढी करायला बसला. न्हावी तोच, नदीवरचा. त्याने गाल उरकले, वस्तरा ओठावरच्या चार दिवसांच्या खुंटाशी आणला आणि हसत थांबला.

"फौजदार, आता मिशी ठेवायची ना?"

ज्ञानेश्वरने मांडीवर बघितलं. भूमिका त्याचं नख चोळत आरशातल्या दोघांकडे टक लावून बघत होती.

"नको," तो तोंड वर करून म्हणाला. "काढ."